आठवड्याची खतावणी: एका निवृत्त दिवाणजीची रीत

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या आडत दुकानात मी ३१ वर्षं दिवाणजी, म्हणजे हिशेबनीस, होतो. सौदे उरकले, हमाल हातपाय धुऊन गेले, की माझं काम सुरू व्हायचं. दिवसभरात चिठ्ठीवर, पाकिटाच्या पाठीवर, एकदा तर तोलाराच्या तळहातावर लिहिलेले आकडे आधी रोजकीर्दीत उतरवायचे, जसे घडले त्या क्रमानं. मग आठवड्यातून एकदा तेच आकडे खतावणीत, ज्याच्या त्याच्या पानावर. शेतकऱ्याचं पान वेगळं, खरेदीदाराचं वेगळं, हमाली-तोलाईचं वेगळं. मालक लोडाला टेकून विचारायचे, "दिवाणजी, त्या तासगाववाल्यांचं काय राहिलंय?" मी तोंडी उत्तर कधी दिलं नाही. पान काढून दाखवायचो. माणसाच्या डोक्यात एक रक्कम असते आणि पानावर दुसरीच निघते, हे इतक्यांदा पाहिलंय की मोजदाद नाही.

२०१४ला निवृत्त झालो. थोरली लेक पुण्याहून दर शनिवारी फोन करते. "बाबा, काय केलंत आठवडाभर?" "काही विशेष नाही गं." तीन महिने हेच उत्तर. एकदा ती वैतागून म्हणाली, "दुकानाचं विचारलं असतं तर सोमवारपासूनचे भाव सांगितले असतेत." फोन ठेवल्यावर खरंच आठवायला बसलो. मंगळवारी काय केलं? आठवेना. बुधवारी? दाढी केली असेल. दोन सालांमागचा राजापुरी हळदीचा भाव तोंडपाठ, आणि परवाचा दिवस कुठं गेला त्याचा पत्ता नाही.

त्याच रविवारी नातवाची अर्धी कोरी वही ओढली आणि आठवड्याला दुकानाची रीत लावली. ती आजवर चालू आहे. ओळखीच्या दोघा-तिघांनी विचारलं, तुम्ही हे करता तरी कसं, म्हणून सविस्तर लिहितो.

वही आणि पेन्सिल

वही साधी, दोनशे पानी, आडव्या रेघांची. तारखा छापलेली डायरी घेऊ नका. भेट आलेली असली तरी ती पाहुण्यांना द्या. तिच्यात तुमचा आठवडा सोडून बाकी सगळं असतं: महिन्याचे सुविचार, जगाचा नकाशा, एसटीडी कोड. आणि चार दिवस लिहिलं नाही की चार कोरी पानं डोळे वटारून बसतात. साध्या वहीत राहिलेला दिवस एका ओळीत मिटतो. कसा, ते पुढे सांगतो.

लिहायचं पेन्सिलीनं. हे मी ठेच खाऊन शिकलो. आमचं घर गावभागात. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. इथं ४० फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४५ धोक्याची, म्हणजे कल्पना करा. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी विश्रामबागेत बहिणीकडे गेलो होतो. परतलो तेव्हा कपाटाच्या खालच्या खणातल्या वह्यांचा लगदा. सुरुवातीच्या तीन वह्या मी दुकानातल्या सवयीनं शाईच्या पेननं लिहिलेल्या. त्यांची पानं एकजात निळी, आकाशासारखी, अक्षर एक नाही. मधल्या काळात पेन हरवलं म्हणून एक वही पेन्सिलीनं लिहिली होती. ती गच्चीवर वाळवली, पापडासारखी वाकडी झाली, पण वाचता येते. आजही मी ती चाळतो. २०१७च्या एका गुरुवारी मी १० रुपयांच्या चार मोसंब्या घेतल्याचं तिच्यात लिहिलंय, हे वाचून शेजारच्या पोराला मी थापा मारतोय असं वाटलं.

वही वरच्या खणात ठेवा. तुमच्या गावाला नदी नसली तरी नळ असतोच.

रोजकीर्द: रोजच्या चार ओळी

रात्री झोपताना किंवा दुसऱ्या दिवशी दूध येईपर्यंत, चार ओळी. पाचवी नको. ओळी लिहिण्याचे माझे नियम दुकानातलेच आहेत.

आधी वस्तू आणि आकडा, मग जागा राहिली तर बाकीचं. "घाटावर छान फिरलो" असं लिहिलंत तर ती नोंद खोटी नाही, पण बिनकामाची आहे. तीन महिन्यांनी तुम्ही "छान" वाचाल आणि त्यातून काहीही निघणार नाही. त्याच जागी "सरकारी घाट, पाणी १९ फूट, शेंगदाणे १० रु., बापूचा उजवा गुडघा" असं लिहा. मी अशी ओळ वाचतो आणि ती संध्याकाळ परत येते: शेंगदाण्याची पुडी ओली झाली होती, माझा दोस्त बापू पायरीवर बसताना "आई गं" म्हणाला, आणि पलीकडे सांगलवाडीच्या बाजूला दिवे लागत होते. यातलं काही मी लिहिलं नव्हतं. शेंगदाण्यांनी ते धरून ठेवलं.

पैसे कुणी दिले तेही लिहा. हसू नका. मैत्री कशी चाललीय हे त्यातून कळतं.

राहिलेला दिवस आठवून भरायचा नाही. आमच्याकडे दुधाचा हिशेब कालनिर्णयच्या चौकोनात असतो. दूधवाला आला नाही त्या दिवशी ही "खाडा" लिहिते. महिन्याच्या शेवटी कुणी त्या खाड्यावर रडत बसत नाही, तेवढे पैसे वजा होतात, विषय संपला. तसंच करा. बुधवार लिहायचा राहिला? "बुधवार, खाडा." पुढची ओळ गुरुवारची. मी सुरुवातीला तीन-तीन दिवस मागचे आठवून लिहायचो. नंतर लक्षात आलं की आठवून लिहिलेल्या प्रत्येक दिवशी मी सकाळी लवकर उठलेलो असतो.

आणखी एक. वाईट गोष्टही त्याच मापानं लिहायची, वस्तू आणि आकडा. "मन लागेना" याच्याऐवजी "दुपारी ३ ते ५ पंख्याकडे बघत". तेवढं पुरतं. मन लागलं नव्हतं हे वाचणाऱ्याला कळतं, आणि वाचणारे तुम्हीच आहात.

खाती कशी उघडायची

इथं बहुतेक लोक घसरतात. माझ्या भाच्यानं उत्साहानं वही केली आणि पहिल्याच दिवशी पानांवर मथळे टाकले: व्यायाम, वाचन, ध्यान, इंग्रजी. दीड महिन्यानं वही रद्दीत. मी त्याला म्हटलं, अरे, गिऱ्हाईक दुकानात आल्याशिवाय त्याच्या नावाचं पान उघडतं का कोणी? व्यवहार झाला की खातं पडतं. आधी खातं आणि मग व्यवहार, असं काम फक्त लबाड दिवाणजी करतो.

म्हणून पहिले चार आठवडे नुसती कीर्द लिहा. खतावणी नको. पाचव्या रविवारी बसा आणि त्या सगळ्या ओळी सलग वाचा. कुठली गोष्ट तीनदा-चारदा आली ते बघा. तिचं खातं उघडा. माझी अशी निघाली: नदी, पट (बुद्धिबळाचा), पेटी (हार्मोनियम), वाचनालय, कट्टा, दुरुस्ती, माणसं, स्वयंपाकघर, मोबाइल. दोन खाती मात्र कुठल्याही वहीत लागतातच. एक किरकोळ आणि एक अनामत. किरकोळीत केस कापणं, वीजबिल, चपलेचा अंगठा. अनामतमध्ये ज्याचं काय करावं हे कळत नाही ते. दुकानात कुणी अनोळखी माणूस पैसे टेकवून जायचा, पावतीवर नाव नसायचं, तेव्हा ती रक्कम अनामत खात्यात पडून राहायची, धनी येईपर्यंत. आठवड्यातही अशा गोष्टी असतात. एकदा मी सिव्हिल हॉस्पिटलच्या दारात रिक्षाची वाट बघताना एका अनोळखी म्हातारीची पिशवी वीस मिनिटं धरून उभा होतो. ती आत गेली, परत आली, पिशवी घेतली, गेली. कुठल्या खात्यात टाकणार? सात वर्षं झाली, अनामतमध्येच आहे.

दुरुस्तीचं खातं कसं उघडलं ते सांगतो, कारण त्यात या सगळ्या खटाटोपाचं कारण आहे. नळाचा वायसर, सायकलची चेन, मिक्सरचा कपलर, ट्यूबलाइटचा स्टार्टर, ही मला कामं वाटायची. घरातली कटकट. मी लेकीला सांगायचो, "छंद म्हणशील तर पेटी आणि बुद्धिबळ. बाकी घरची कामं असतातच." पाचव्या रविवारी ओळी मोजल्या तर दुरुस्तीच्या अकरा. पेटीच्या तीनच. आणि त्या अकरातल्या चार वेळा वस्तू बिघडलेलीच नव्हती. चालू मिक्सर मी उघडून बघितला होता. हिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "ते मला ठाऊक आहे. मी तुम्हाला मुद्दाम सांगत नाही मिक्सर बरा चाललाय म्हणून."

रविवारी नेमकं काय करायचं

वेळ ठरवून घ्या. माझी दुपारी चारची, चहा समोर ठेवून. जेवल्याबरोबर बसू नका, पेन्सिल हातात आणि मान खाली अशा अवस्थेत मी दोनदा सापडलोय. अर्धा तास पुरतो.

पान मधोमध दुमडा. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. आमच्या धंद्यातला जुना नियम: घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. नदीनं माझी चाळीस मिनिटं घेतली, ती नदीच्या नावे. नदीनं मला काय दिलं, ते तिच्या जमा. नव्या माणसाला हे उलटं वाटतं, कारण त्याला वाटतं खर्च माझा झाला. पण पान तुमचं नाहीये, नदीचं आहे. एकदा हे डोक्यात बसलं की लिहिताना मजा येते. बापूच्या पानावर बापूनं काय घेतलं आणि काय दिलं. मोबाइलच्या पानावर मोबाइलनं.

नावेच्या बाजूला वेळ आणि पैसे. सोपं आहे. जमेच्या बाजूला हातात काय आलं ते, आणि इथंच विचार करावा लागतो. ऐकलेली बातमी, कळलेली एक चाल, पोट भरलं, पाय दुखला, कुणाचा फोन नंबर, हसू आलेली एक गोष्ट. दुखलेला पायही जमाच, नदीनं दिलेला. त्याला गुण देऊ नका. दहापैकी सात वगैरे माझ्या नातवाची सूचना होती. मी म्हटलं, हळदीचं पोतं किलोवर आणि पेटी सुरावर, दोन्ही एका तराजूत टाकून बेरीज करणाऱ्याला मालक दुसऱ्या दिवशी घरी बसवेल. बेरीज फक्त मिनिटांची आणि रुपयांची. जमेच्या बाजूची बेरीज नाही, नुसतं वाचायचं.

कीर्दीतली ओळ खात्यात गेली की तिच्यापुढे बारीक खूण करा. सगळ्या ओळींना खूण झाली की ताळा जमला. न खुणेची ओळ उरली तर तिला अनामत दाखवा, फाडून टाकू नका.

मग तीन गोष्टी बघायच्या, तीनच. कोणतं पान या आठवड्यात उघडलंच नाही. कोणत्या पानावर जागा पुरली नाही. आणि कोणत्या पानाला नावे बाजू भरलेली नि जमा कोरी आहे.

तिसऱ्यात माझा मोबाइल नेहमी सापडतो. एका आठवड्यात त्याच्या नावे पाच तास निघाले. हे अंदाजे नाहीत, यंत्र स्वतःच सांगतं. जमेच्या बाजूला आठवून आठवून एकच ओळ लिहिली: "कैरीच्या लोणच्यात मोहरी आधी फेसून घ्यायची." हिला सांगितली तर ती म्हणाली, "मग मी इतकी वर्षं काय करत होते?" म्हणजे तीही खोडावी लागली. पण न्यायानं बोलायचं तर पुढच्याच आठवड्यात त्याच मोबाइलवर एका जुन्या शाळासोबत्याचा पत्ता लागला, मिरजेतच निघाला, तंतुवाद्यांच्या गल्लीत सतारीच्या भोपळ्यांचं काम करतो. ती जमा इतकी मोठी की तिच्यासाठी "माणसं" खात्यात वेगळं पान घालावं लागलं. म्हणून कुठलंही खातं एका आठवड्याच्या जोरावर बंद करू नका. आमच्याकडे नियम होता, पाडव्यापर्यंत थांबायचं.

न उघडलेलं पान

पहिल्या गोष्टीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण ती झोंबते.

पेटी मी निवृत्तीच्या पैशातनं घेतली. गल्लीत सगळ्यांना ठाऊक. पाहुणे आले की ही झाकण काढायची आणि मी भूपाची सरगम वाजवायचो, सा रे ग प ध सा. लोक मान डोलवायचे. खतावणी सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात दिसलं की सलग आठ आठवडे पेटीचं पान कोरं आहे. आठ! आणि त्या आठ आठवड्यांत "पेटी कशी चाललीय?" या प्रश्नाला मी "चाललीय की" असं उत्तर निदान पाच वेळा दिलेलं. कट्ट्याच्या खात्यात तसं लिहिलेलंच होतं.

असं पान दिसलं की काय करावं? मी तरी पुढच्या आठवड्यासाठी निश्चय वगैरे केला नाही. आठवड्याच्या वहीत पुढचं काही लिहायचंच नाही, ती झालेल्या व्यवहाराची वही आहे. मी फक्त पेटीच्या पानावर पेन्सिलीनं आठ खाडे मांडले, एकाखाली एक. नवव्या रविवारी नववा खाडा लिहिताना हात थबकला, आणि लिहिण्याआधी उठून पंधरा मिनिटं वाजवून आलो. लबाडी आहे, कबूल. पण नोंद खरी झाली.

स्वतःबद्दलच्या समजुतीही अशाच तपासता येतात. आम्ही सांगलीकर नाट्यपंढरी म्हणून मिरवतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३मध्ये इथं 'सीता स्वयंवर' केलं, ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो, हे मी पाहुण्यांना न चुकता सांगतो. माझ्या एका अख्ख्या वर्षात नाटकाच्या नोंदी दोन. त्यातली एक मध्यंतरापर्यंतची. पटाचं मात्र उलटं. भाऊसाहेब पडसलगीकरांनी या गावाला बुद्धिबळाचं वेड लावलं, भाग्यश्री ठिपसे, स्वाती घाटे इथल्याच. आमच्या वयाच्या पुष्कळांना त्या वाऱ्याचा थोडा तरी स्पर्श झालाय. मी स्वतःला कधी बुद्धिबळपटू म्हणवलं नाही, लाज वाटते, बापूशी दर मंगळवारी हरतो. पण वर्षभरात मंगळवारचे खाडे फक्त सहा. त्यातला एक बापूच्या मोतीबिंदूचा.

एक आठवडा, नमुन्यादाखल

हा आषाढातला, वहीतनं जसाच्या तसा.

सोमवार: बारीक पाऊस. आयर्विनला १७ फूट, बापूनं फोनवर सांगितलं. पेटी १५ मिनिटं, मधल्या सप्तकातला ध चिकटतोय.

मंगळवार: बापूकडे पट, १–२. शेवटच्या डावात घोड्याच्या नादात वजीर घालवला. वहिनींनी गवती चहा, दोनदा.

बुधवार: खाडा.

गुरुवार: २३ फूट. कोयनेतून पाणी सोडलं म्हणून कट्ट्यावर ओरड, सोडलं नव्हतं. पेटी उघडली, ध खालचं लाकूड फुगलंय, काचकागद ५ रु.

शुक्रवार: वाचनालय. पुस्तक बदललं नाही, ६२व्या पानावर तिसरा आठवडा. पेपर वाचून आलो.

शनिवार: पुलावर गर्दी, २८ फूट. कणीस १, दोघांत. पैसे हिनं दिले.

रविवार: आषाढ तळला. कापण्या. मी कापल्या, १० मिनिटं.

आता खतावणी. नदीच्या नावे शनिवारची पन्नास मिनिटं, जमा एक अर्धं कणीस आणि एक शांतता. २८ म्हणजे काही नाही, इशाऱ्याला अजून बारा फूट आहेत. २०१९ नंतर पावसाळ्यात आमच्या गावात नदी बघणं हा निव्वळ विरंगुळा राहिलेला नाही, पण तिकडे जाण्यात सुख नाही असंही कुणी म्हणू शकणार नाही. पुलाच्या कठड्याला टेकून दोनशे माणसं एकाच दिशेनं बघत असतात आणि भाजलेल्या कणसाचा वास येत असतो. फूट हा आकडा म्हणून मी वहीत रोज ठेवतो. पुढे चार महिन्यांनी नुसते ते आकडे वाचले तरी आठवडा कसा गेला ते कळतं.

पटाच्या जमेला एक ओळ: घोडा वाचवण्याआधी वजीर कुठं आहे ते बघ. ही ओळ पटाच्या पानावर आजवर चौदा वेळा जमा झालीय.

गुरुवारची पेटी. ती पेटी खात्यात टाकायची की दुरुस्तीत? मी दहा मिनिटं विचार केला आणि दुरुस्तीत टाकली. खोटं का बोला.

शुक्रवारचं पुस्तक. वाचनालयाच्या पानावर तीन आठवडे जमा कोरी. हे पुस्तक मी पुढच्या शनिवारी परत केलं, न संपवता. या वहीनं मला दिलेली ही मोठी सूट आहे. ज्या खात्यात तीन आठवडे नुसतं नावे पडतंय तिथली उधारी बंद, असा माझा नियम. पेटीला मात्र तो लावत नाही. का, ते विचारू नका.

आणि रविवारच्या कापण्या. त्या मी स्वयंपाकघर खात्यात टाकल्या, नावे १० मिनिटं, जमा एक डबा.

दुसऱ्याचं पान

चहाचा कप उचलायला आलेल्या हिनं ती ओळ वाचली. चष्मा लावून, दोनदा.

"तुम्ही दहा मिनिटं कापल्या ते वहीत. मी दीड तास तळल्या ते कुठं?"

म्हटलं, ते तुझं खातं.

"मग उघडा की."

मी खरंच पान उलटलं, वर तिचं नाव लिहिलं आणि विचारायला लागलो, सोमवारी काय केलंस, मंगळवारी काय केलंस. ती उभ्या उभ्या हसली. "माझं मी लिहिते. कधीपासून." आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून माझ्यापुढे टाकलं.

दुधाचे आकडे मला ठाऊक होते: १, १, दीड, खाडा. पण प्रत्येक चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात अजून एक बारीक आकडा होता. ४. ७. ५. ११. मला आजवर ते ताकाचं काहीतरी वाटायचं. कुठं कुठं एखादं अक्षर: "भ" म्हणजे भजनी मंडळ, "ह" म्हणजे हरिपूरला चालत, मैत्रिणींबरोबर, संगमेश्वरापर्यंत. गेल्या महिन्यात चार "ह" होते. मी समजत होतो, ती इथल्याच देवळात जाते.

"आणि हे आकडे?"

"जास्वंदाची फुलं. सकाळी गणपतीला किती निघाली ते."

म्हणून सांगतो, जोडीनं राहत असाल तर दुसऱ्याचं पान तुम्ही लिहायला घेऊ नका. आधी विचारा, त्याची वही कुठं आहे. बहुतेक वेळा ती असते. डब्याच्या झाकणावर, गॅसच्या पुस्तकात, उंबऱ्याच्या मागे खडूनं. रविवारी आपली खतावणी झाली की दहा मिनिटं ती वाचायला मागा. वाचताना प्रश्न कमी विचारा.

हिनं जुनी कालनिर्णयंही ठेवलीत, गुंडाळी करून माळ्यावर. २०१९चं त्यात होतं. पुराच्या वेळी ते भिंतीवरच होतं, खिळा उंच होता, पाणी त्याच्या खाली चार बोटांवर थांबलं होतं. ऑगस्टचं पान काढलं. ५ तारखेपर्यंत दूध, फुलं, सगळं. मग बारा चौकोन कोरे. १८ला दूध नाही, पण कोपऱ्यात शून्य. १९ला शून्य. पुढे शून्यंच शून्यं, महिना संपला, सप्टेंबरभरही शून्यं, रोज एक, न चुकता. मला आठवलं, अंगणात गुडघाभर गाळ होता आणि जास्वंदीचा नुसता काळा खुंट उरला होता. मी तो उपटून टाकायला निघालो होतो, एवढं मात्र लख्ख आठवलं. वहीत कुठं नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, १.

"मेलं नव्हतं ते," ही म्हणाली. "मी तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही मिक्सर उघडून बसला होतात."